डोकरीचा मांजरपाट

बाविसाव्या वर्षी मी माझ्या आजेसासूचं कफन कात्रीनं कापलं, त्याची सहा झबली शिवली आणि माझ्या वीस दिवसांच्या लेकराला घातली.

झालं सांगून. आता पुढचं सांगायला हात थोडा मोकळा होईल. नातसुना मला विचारतात, "आजी, तुमच्या हातून कधी काही चुकलंच नाही का हो?" आणि मी मोठ्या गंभीरपणे मान हलवते. खोटं बोलते. पण कागदाशी खोटं बोलून मला कोणती साडी मिळणार आहे?

तर त्या वयात मी कशी होते, ते आधी ऐका. गोंदियाला मामाकडे राहून मी सहा महिन्यांचा शिवणक्लास केला होता. त्याचं सर्टिफिकेट मिळालं होतं. ते मी काचेत मढवून सासरी आणलं आणि देवांच्या फोटोंच्या रांगेत खिळा ठोकून लावलं. संध्याकाळी घरचे दिव्याला हात जोडायचे तेव्हा तो नमस्कार आपल्या सर्टिफिकेटलाही पोचतो, असं मला मनातून वाटायचं. यावरून काय ते समजा.

सासर तिरोड्याकडचं, बोदलकसाच्या तलावापासून फार लांब नाही. धानाची शेती. सासू मी यायच्या तीन वर्षं आधीच गेलेली. घरात आजेसासू, सासरे, माझे मालक आणि मी. आजेसासूला सारं गाव डोकरी म्हणायचं. मीही मनात डोकरीच म्हणायचे, तोंडावर 'आजी'. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण बोटं इतकी तिखट की तांदूळ चिमटीत धरून कोणत्या बांधीतला, कोणत्या शेतातला ते सांगायची.

पहिलं बाळंतपण माहेरी, दवनीवाड्याला व्हायचं होतं. पोरगं पंधरा दिवस आधीच आलं आणि सगळं सासरीच उरकलं. इवलासा जीव, बोटाएवढी मनगटं. त्या घरची रीत अशी की सव्वा महिना लेकराच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईचं विटलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडायचं आणि त्यातच गुंडाळायचं. म्हातारीचं वय लेकराला लागतं म्हणे. म्हणून माझं पोर डोकरीच्या जांभळ्या लुगड्यात, त्यालाही दोन ठिगळं.

आणि दहा दिवसांनी माझी आई आणि धाकटी बहीण पोराला पाहायला यायची होती.

शिवणक्लासवाली बाई मी. माझं पोर ठिगळात? मला ती लाज सहन होईना. धानाची कापणी चालू होती, बापलेक दिवसभर बांधीत. दुपारी डोकरीही काठी टेकत खळ्यावर जाऊन बसायची, धानाच्या पेंढ्यांच्या पुंजण्याजवळ कोंबड्या हाकलत. घरात मी, पोर आणि माहेरहून आलेली शिलाई मशीन. फक्त कापड नव्हतं.

डोकरीच्या खाटेखाली एक पत्र्याची पेटी होती. तिला कुलूप नसायचं, कारण तिला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. एका बावळटाची झाली.

पेटीत वरच घडी होती. कोरा, पिवळसर पांढरा मांजरपाट, चांगला पाच वार. घडीत वाळलेली तुळस. बाजूला लाखेनं तोंड बंद केलेली तांब्याची लहान लोटी, आणि कोऱ्या सुताची गुंडी. आज कुणी शेंबडं पोर ती पेटी उघडेल तर तेही ओळखेल. मी काय ओळखलं? तुळस कसर लागू नये म्हणून ठेवली असेल. लोटी कुणीतरी काशीहून आणली असेल. सूत वातींसाठी. आणि डोकरीला आता दिसत नाही, ती या कापडाचं करणार तरी काय! पुढच्या बाजारी नवा आणून घडी करून ठेवला की झालं.

माझ्या बाजूनं एवढंच सांगते की मांजरपाटाचं मला कधी भय वाटलं नव्हतं. आमच्या माहेरी तो शब्द घरभर खेळायचा. बाबांची बंडी मांजरपाटाची. लोणच्याच्या बरणीचं तोंड बांधायचं दादरं मांजरपाटाचं. आई दही टांगायची ते फडकं मांजरपाटाचं. गावात दंडारीचा खेळ उभा राहायचा तेव्हा मागचा पडदाही त्याचाच, त्यावर गेरूनं राजवाडा काढलेला. लहानपणी मला वाटायचं, मांजराचं पोट असतं तसा मऊ म्हणून मांजरपाट. मऊ कुठला, गोणपाटाचा धाकटा भाऊ! शाळेत गुरुजींनी सांगितलं की मूळ शब्द मादरपाट, मद्रासकडून यायचा तो पाट. आणि पाट म्हणजे पट, कापड. चित्रपटातला पट तोच, हे ऐकून मी आठ दिवस मैत्रिणींना पिडलं होतं. तिरोड्याचा दुकानदार हिंदीवाला, तो याच कापडाला मारकीन म्हणायचा. हल्ली माझी नागपूरला शिकणारी नात फोनमध्ये बोट फिरवून सांगते की मारकीन म्हणजे अमेरिकन, आणि मादरपाट मद्रासचा नसेलही, तिकडच्या समुद्रकाठच्या कुठल्याशा कापड विणणाऱ्या गावाचं नाव त्यात असेल. असेल बापा. एवढी गावं, एवढे समुद्र ओलांडून आलेलं ते कापड डोकरीच्या पेटीत गप पडलं होतं, आणि त्याचा तिथला अर्थ मला कुणी शिकवला नव्हता. मी विचारलाही नव्हता.

दोन दुपारींत सहा झबली झाली. गळ्याला लाल दोऱ्याची बदकंही काढली. उरलेल्याचं दुपट्याला अस्तर. कापड मी धुतलं नाही, कारण धुतलं तर दोरीवर टाकावं लागलं असतं आणि खळ्यावरून येणाऱ्या मालकांनी विचारलं असतं. शिवाय कोऱ्या कापडाचा वास मला फार आवडायचा. पोराला झबलं घातलं आणि वरून जांभळं लुगडं गुंडाळलं, म्हणजे डोकरीच्या बोटांना लुगडंच लागेल. केवढी हुशारी!

तिसऱ्या दिवशी सकाळी दाई आली. पोराला तेल लावून न्हाऊ घालायला रोज यायची. बोलण्यात फटकळ, हात मात्र लोण्यासारखे. तिनं लुगडं सोडलं, झबलं वर केलं आणि थांबली. पोराच्या पाठीवर, मानेवर, काखेत लाल पुरळ उठलं होतं. मग तिनं झबल्याचा काठ बोटात धरला.

"हा कपडा कुठला वो?"

"घरातलाच हाये."

"घरातला कोनता? तुह्या घरात मांजरपाट कुठून आला?"

"आजीच्या पेटीतला."

दाईनं पोराला खाली ठेवलं. "तुळस होती काय त्याच्यात?"

"होती. कसरीसाठी..."

"कसरीसाठी!" तिनं दोन्ही कानांना हात लावले. "अवो पोरी, शिकली होय ना तू? कसरीसाठी म्हनते! तो डोकरीचा मौतीचा कपडा होय. तिच्या मयतीवर टाकाचा. अन् तू त्याले कात्री लावली? अन् पोट्ट्याच्या आंगावर चढवली?"

दाई थांबायला तयार नव्हती. आवाज खाली आणून ती सांगत गेली. डोकरीचा नवरा भर पावसाळ्यात गेला. नाल्याला पूर, तिरोड्याचा रस्ता दोन दिवस बंद, गावात हातभर कोरं कापड मिळालं नाही. त्याला जुन्या चादरीत न्यावं लागलं. त्या दिवसापासून डोकरीनं ठरवलं की आपलं आपण ठेवायचं. पाणी ओसरल्याबरोबर तिनं पाच वार मांजरपाट आणून पेटीत घातला.

"मंग हाच तो काय?" मी विचारलं.

"नाही वो. तो पहिला तुह्या सासूवर गेला. धडधाकट बाई, शेतात सापानं डसली, संध्याकाळपर्यंत खतम. घरात तोच कपडा होता, तोच टाकला. हा दुसरा होय." दाईनं पोराकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "त्या पेटीतला कपडा ज्याच्यासाठी घेतला त्याले लागत नाही, बाई. दुसऱ्यालेच लागते. मी तं काही पाहिली नाही, काही बोलली नाही."

रोज चहा घेतल्याशिवाय न हलणारी बाई त्या दिवशी चहा न घेता गेली.

झबलं काढून मी पोराला पुन्हा लुगड्यात गुंडाळलं आणि कितीतरी वेळ त्याचं पोट वरखाली होतंय का तेच पाहत बसले. पाठीवरचं पुरळ आता मला पुरळ दिसेना. कुणीतरी बोटं टेकवून खूण केल्यासारखं दिसायला लागलं. ते डाग मोजू नये म्हणत होते आणि मोजत होते.

झबल्यांचं काय करायचं? जाळावीत, तर लेकराचे कपडे जाळायचे, त्याहून वाईट ते काय. पुरावीत, तर तेच. तलावात सोडावीत, तर तीही शेवटचीच रीत. त्या कापडाचं जे जे करावं म्हटलं, ते सारं मयतीतच नेऊन सोडत होतं. शेवटी माझ्या सर्टिफिकेटवाल्या डोक्यानं उपाय काढला: झबली उसवायची, तुकडे जोडायचे आणि पाच वार पुन्हा पाच वार करून पेटीत ठेवायचे! हसा, मीही आता हसते. तेव्हा मात्र मी एक झबलं उसवलं. चार तुकडे, गळ्याचा अर्धगोल, त्यावर लाल बदक. ते मशीनखाली धरले आणि पहिली शिवण घातल्यावर ध्यानात आलं की मयतीचं कापड बिनशिवणीचं लागतं. म्हणजे मी त्याला फक्त कापलं नव्हतं, कायमचं बाद केलं होतं. ज्या बाईनं नवऱ्याला चादरीत नेताना पाहिलं, तिच्यासाठी मी बदकांची गोधडी शिवत बसले होते. पायडलवरून पाय काढला आणि पहिल्यांदा रडले.

त्या संध्याकाळी डोकरीनं नेहमीसारखं पोराला मांडीवर घेतलं, शेगडीपाशी. तिची बोटं त्याच्या पाठीवरून फिरली, मानेशी थांबली.

"आंग खरखर करून राहिलं याचं. काऊन?"

"थंडीनं असंल, आजी."

"हूं," म्हणाली. मी भांडी घासायला पळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर तापलं. दूध ओढेना, तोंड लावायचं आणि सोडून द्यायचं. रडणंही बारीक झालं, मांजराच्या पिलासारखं. दाई त्या दिवशी आलीच नाही. तिचं न येणं मला तापापेक्षा वाईट वाटलं. तिला ठाऊक आहे, म्हणूनच आली नाही, असं वाटलं. मला दोनच भीती होत्या, पण त्या एकमेकींना पुढे ढकलत होत्या. डोकरीला सांगावं, तर ती काय बोलेल याची. न सांगावं, तर पोराचं काय होईल याची. त्या वयातही एवढं कळलं की दुसरी मोठी आहे.

डोकरी अंगणात उन्हात बसून सुपात मूग निवडत होती. मी पोराला घेऊन तिच्यापुढे बसले आणि डोकं तिच्या पायांवर ठेवलं.

"काय झालं वो?"

"आजी, माह्या हातानं मोठी चूक झाली. मी तुमची पेटी उघडली. तुमचा मांजरपाट कापला. पोराची झबली शिवली. मले माहीत नोहतं, आजी, खरंच माहीत नोहतं. आता त्याले ताप आला."

सुपातला तिचा हात थांबला. ती उठली, भिंतीला धरून आत गेली. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मी उंबऱ्यातून पाहत होते. तिनं पेटीत हात घातला, तळ चाचपला, लोटी चाचपली, सूत चाचपलं. पुन्हा तळ चाचपला. मग झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवून बसून राहिली. मला वाटलं, आता ही शाप देईल. तिच्या तोंडून एक वाकडा शब्द निघाला तरी माझं लेकरू वाचत नाही, अशी माझी खात्री झाली होती. मी तिच्या ओठांकडे पाहत होते.

"किती ताप हाये?" तिनं विचारलं.

"लय हाये."

"मंग येथं कायले बसली माह्या तोंडाकडे पाहत? नवऱ्याले हाक मार. पोट्ट्याले तिरोड्याच्या दवाखान्यात ने. माह्या कपड्याची बात मंग."

आणि मी हाक मारायच्या आत तीच काठी टेकत गल्लीत गेली आणि अशी ओरडली की बांधीतून मालक हातातला विळा तसाच घेऊन धावत आले.

बसमध्ये मी पोराच्या नाकापुढे बोट धरून बसले होते. प्रत्येक खड्ड्याला वाटायचं, आता थांबला. मालकांनी दोनदा विचारलं, "काय झालं एकदम?" मी त्यांचं बोट धरून पोराच्या नाकापुढे नेलं. डॉक्टरांनी पोराला उलटंपालटं केलं, छातीला नळी लावली आणि पुरळ पाहून माझ्याकडे पाहिलं.

"नवं कापड न धुता घातलं का बाई?"

मी लुगड्याचा काठ पोराच्या मानेवर ओढला.

"कोऱ्या कापडाला खळ असते. मोठ्या माणसाला टोचते, हे तर अपुऱ्या दिवसांचं लेकरू. जुनं मऊ कापड नाही का घरात? छातीत सर्दी आहे, ताप तिचा. औषध देतो. दोन दिवस नीट लक्ष ठेवा. दूध अजिबातच सोडलं, तर एक मिनिट थांबू नका, घेऊन या."

कुणाला वाटेल, एवढं ऐकल्यावर भीती गेली असेल. नाही गेली. डॉक्टरांना खळ ठाऊक होती, पेटी ठाऊक नव्हती. आणि दोन दिवस म्हणाले होते ना ते. दोन दिवस कसे जातात हे मला तेव्हा कळलं. चमच्यानं दूध पाजायचं, ओठातून ओघळलं की पुसायचं, पुन्हा पाजायचं. डोकरी खळ्यावर गेली नाही. तिनं ते जांभळं लुगडं आणखी फाडलं, पोराला त्यात गुंडाळून छातीशी धरलं आणि भिंतीला टेकून बसून राहिली. कापडाबद्दल एक अक्षर नाही. मी समोरून गेले की मान वर करायची नाही. मला वाटायचं, बोल ना बाई, शिव्या दे, पण बोल. तिच्या त्या गप्प बसण्यात मी पुन्हा पुन्हा सासूची मयत पाहत होते, जी मी पाहिलीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोरानं दूध ओढलं. असं ओढलं की दुखलं. कपाळाला हात लावला, गार. पुन्हा लावला. मालकांना लावायला लावला. मग डोकरीला सांगायला अंगणात गेले आणि जागीच उभी राहिले.

दोरीवर पाच झबली वाळत होती. लाल बदकं ओळीनं. शेजारी मी उसवलेल्या सहाव्याचे तुकडे आणि दुपट्याचं अस्तर. चुलीवरच्या मोठ्या गंजात पाणी अजून वाफाळत होतं, अंगण रिठ्याच्या फेसानं पांढरं झालेलं. ती सगळी मी गवताच्या पेंढ्यांखाली लपवली होती. आंधळ्या बाईनं शोधून काढली होती.

"आजी, हे काऊन धुतलं?"

"तीन पाणी उकळलं. खळ गेली पुरी. पाह्य, कसा मऊ झाला." तिनं त्यातलं एक काढून गालाला लावलं. "आन पोट्ट्याले."

"नको, आजी." मी पोराला मागे घेतलं. "तो कपडा नको. माह्या पाया पडते तुम्ही म्हणाल तेवढ्या, पण तो नको."

मला 'तुमच्या पाया पडते' म्हणायचं होतं, भीतीनं उलटंच निघालं. डोकरीनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि हात पुढे धरून उभी राहिली. ते हात मी आजही सांगू शकते, नखांच्या कडांना रिठ्याचा फेस होता. त्या घरात डोकरीनं हात पुढे केल्यावर न देण्याची रीत नव्हती. मी पोर दिलं.

ती उन्हात मांडी घालून बसली. चाचपत चाचपत तिनं त्याचे हात झबल्यात घातले, बंद बांधला, पोराला मांडीवर आडवं केलं. माझे डोळे मिटलेले होते. उघडले तेव्हा पोराच्या सरळ धारेनं झबल्याचा काठ, डोकरीचा पदर आणि तिची मांडी भिजून गेली होती. डोकरीनं भिजलेला काठ चिमटीत धरला, नाकाशी नेला. आणि तीन दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याकडे तोंड करून बोलली:

"पाह्य वो बहू, माह्या मौतीवर मुतलं तुह्यं पोट्टं. आता यम आला तं त्याले काय देऊ मी, हे ओलं फडकं? जाय, बाकीचे चार आन, ते बी बाटवू दे त्याले."